चार जहाजांतलं एक

विजयदिनाला कचेरीत बसायची हौस कुणालाच नसते. नऊ मे म्हणजे मॉस्कोत छातीवर पदकं लावून बागेत फिरायचं, जुन्या सोबत्यांच्या गळ्यात पडायचं, थोडी घ्यायची, थोडं रडायचं. ज्यांना रडायचं नसतं ते गावाबाहेरच्या आपापल्या जमिनीच्या तुकड्यावर जाऊन बटाटे लावतात. बटाट्याला काय, युद्ध जिंका नाहीतर हरा, मे महिन्यात तो मातीत गेलाच पाहिजे. म्हणून १९७२ सालच्या नऊ मेला आमच्या जहाज खात्याच्या चार मजली इमारतीत पहाटे दोनच माणसं होती. एक पहाऱ्याचे अधिकारी अर्सेनी लुकिच, आणि दुसऱ्या, तारयंत्रावर बसणाऱ्या रिम्मा झाखारोव्हना.

अर्सेनी लुकिचना पदकं नव्हती असं नाही. चांगली सात होती. मूरमान्स्कच्या थंड पाण्यात दोन जहाजं त्यांच्या पायाखालून बुडाली होती, आणि दोन्ही वेळा ते वर आले होते. पण ते सगळं बागेत उभं राहून सांगायचं त्यांच्या जिवावर यायचं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक, क्सेनिया, जहाजावर डॉक्टर होती, आणि तिचं जहाज 'बेलोगोर्ये' गेले दोन आठवडे व्हिएतनामात, हाइफाँगच्या बंदरात पीठ उतरवत उभं होतं. कचेरीत बसलं की त्या जहाजाची खबर सगळ्यांत आधी आपल्याला लागते, एवढाच काय तो त्यांचा सण. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रिम्मा झाखारोव्हनांना मात्र काही सांगावं लागत नसे.

"तुम्ही सणाला ड्यूटी मागून घेता आणि वर उपकार केल्यासारखा चेहरा करता," त्या म्हणायच्या. "सरळ सांगा ना, पोरीच्या तारा वाचायला येता म्हणून."

"सरकारी तारा आहेत त्या."

"हो, आणि मी महाराणी आहे."

पहाटे साडेपाचला यंत्र खडखडायला लागलं ते थांबेचना. हाइफाँगला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. बंदरात आपली चार जहाजं होती आणि चारही कप्तानांच्या तारा एकापाठोपाठ एक आल्या. मजकूर थोड्याफार फरकाने एकच. अमेरिकन विमानांनी बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग टाकले. सुरुंग अजून झोपलेले आहेत. अकरा तारखेला संध्याकाळी सहाला जागे होतील, असं अमेरिकनांनी स्वतःच रेडिओवर सांगितलं आहे. तोवर ज्याला निघायचं त्याने निघावं. निघू का?

अर्सेनी लुकिचनी घड्याळाकडे पाहिलं आणि बोटांवर हिशेब केला. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे इथले दुपारचे दोन. आज, उद्या आणि परवाचा अर्धा दिवस.

"निघू का म्हणून विचारतात!" रिम्मा झाखारोव्हना कडाडल्या. "घराला आग लागली तर हे लोक दारात उभं राहून अर्ज करतील."

"नियम आहे, बाई. परदेशी बंदरातून कचेरीच्या लेखी हुकुमाशिवाय दोर सोडायचा नाही."

"मग द्या की हुकूम."

तेवढंच तर हातात नव्हतं. पहाऱ्याचा अधिकारी तार घेतो, नोंदवतो आणि वर कळवतो. हुकूम खातेप्रमुखांनी द्यायचा. आणि खातेप्रमुख पोर्फिरी सावेलिच साठ किलोमीटरवर, फोन नसलेल्या तुकड्यावर, गुडघाभर मातीत होते. अर्सेनी लुकिचनी गाडी पाठवली. दहाच्या सुमाराला गाडी रिकामीच परत आली. ड्रायव्हरने निरोप आणला: वरून सूचना आल्याशिवाय काहीही करू नका, मी उद्या सकाळी येतोच आहे, आणि हो, थोडा मुळा देऊन ठेवला आहे. मुळ्याची जुडी खरंच गाडीत होती.

वर म्हणजे कुठे, हे कुणी कधी नावाने सांगत नाही. अर्सेनी लुकिचनी त्या 'वर'च्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कळलं. थांबायला सांगा."

"किती वेळ?"

"सांगू तोपर्यंत."

"सुरुंग सांगायची वाट बघणार नाहीत."

"अर्सेनी लुकिच," पलीकडचा आवाज अगदी गोड झाला, "बावीस तारखेला कोण येणार आहे, माहीत आहे ना?"

ते तर शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अमेरिकेचे अध्यक्ष येणार होते. त्यांच्या वाटेवरची घरं रंगवून झाली होती, तुळस लावावी तशी खांबाखांबाशी फुलझाडं लावून झाली होती. अणुबॉम्ब किती ठेवायचे आणि किती नाही, याच्या करारावर सह्या व्हायच्या होत्या. आणि त्याच पाहुण्याने, यायला तेरा दिवस उरलेले असताना, आपल्या मित्राच्या बंदराला टाळं ठोकलं होतं. रागावावं तर पाहुणा परत जातो. गप्प बसावं तर मित्र तोंडात शेण घालतो. इकडे आड, तिकडे विहीर. त्यामुळे वरची सगळी माणसं मध्ये उभी होती आणि कुणाचा पाय हलत नव्हता.

चारही कप्तानांना एकच उत्तर गेलं: पुढील सूचनेची वाट पाहा.

दुपारपर्यंत आणखी दोन तारा आल्या. पहिली 'तिखाया' जहाजाच्या कप्तान रुनोवची. हा रुनोव अर्सेनी लुकिचच्या जुन्या ओळखीचा. आयुष्यात कधी आकडा फुगवला नाही, म्हणून कधी बढतीही मिळाली नाही. त्याने लिहिलं होतं: आज माल पूर्ण उतरला, जहाज रिकामं आहे. काल रात्रीच्या तोफगोळ्यांचे तुकडे डेकवर पडून तिघं जखमी, त्यांत आमचा डॉक्टर. निघायला तयार.

दुसरी तार 'बेलोगोर्ये'च्या कप्तान झाबोलोत्नीची. गडी बोलण्यात वाघ, पण या वेळी घाबरला असावा. कारण त्याने चक्क खरं लिहिलं होतं: दोन नंबर आणि तीन नंबरच्या कोठारात अजून अर्धं पीठ आहे, काय करू, लगेच कळवा.

रिम्मा झाखारोव्हनांनी ती तार वाचली आणि मान वळवून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. तिथे खडूने प्रत्येक जहाजाचं नाव आणि किती माल उतरला तो आकडा लिहिलेला होता. 'तिखाया' शहाऐंशी टक्के. 'बेलोगोर्ये' शंभर टक्के, आणि शेजारी लाल खडूने: विजयदिनाच्या सन्मानार्थ, मुदतीपूर्वी.

"घ्या," त्या म्हणाल्या. "शंभर टक्के म्हणे! अर्धं पीठ पोटात घेऊन बसलाय आणि वर सन्मान."

यात नवल काहीच नव्हतं. सणाच्या आदल्या दिवशी शंभर टक्के कळवायचं आणि तेवढं काम मग सण उलटल्यावर आठवड्याभरात उरकायचं, ही आमच्याकडची रीतच. कळवणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्याला ठाऊक असतं, आणि बक्षीस वाटणाऱ्यालाही. कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून कुणी काही बोलत नाही. आणि फळ्यावर लिहायचा अधिकार एकट्या आकडेवारीवाल्या बाईंचा, त्या अकरा तारखेपर्यंत रजेवर. तोवर फळा म्हणेल ते खरं.

अर्सेनी लुकिचनी दोन्ही तारा फाइलीत ठेवल्या. त्या रात्री ते कचेरीतच सोफ्यावर आडवे झाले, पण डोळ्याला डोळा लागला नाही.

दहा तारखेला सकाळी अकराला 'वर'चा माणूस स्वतः खाली आला. वादिम ग्लेबोविच त्याचं नाव. चाळिशीचा, नीटनेटका, दोन रात्री न झोपलेला. पोर्फिरी सावेलिचही तोवर पोचले होते, नखांत माती तशीच. त्यांनी पाहुण्याला चहा मागवला, काळा पाव आणि खारवलेली काकडी पुढे केली, आणि मग महत्त्वाचा फोन करायचाय म्हणून शेजारच्या खोलीत जे गेले ते गेलेच. जबाबदारी दारातून आत आली की हे गृहस्थ खिडकीतून बाहेर. तीस वर्षं त्यांनी खुर्ची उगाच नाही टिकवली.

वादिम ग्लेबोविचने चहाचा एक घोट घेतला. "अर्सेनी लुकिच, तुम्ही खलाशी आहात, म्हणून सरळ बोलतो. चारही जहाजं निघाली तर काय होईल?"

"एकशेसाठ माणसं जिवंत परत येतील."

"ते झालंच. पण जग काय म्हणेल? अमेरिकनांनी डोळे वटारले आणि रशियन शेपूट घालून पळाले. हानोईतले लोक म्हणतील, हेच का तुमचं भावाचं नातं? मग आमचे सेनापती टेबलावर मूठ आपटतील आणि म्हणतील, पाहुणा नको. बरं, चारही थांबली तर?"

"तर अडकतील. महिनाभर, वर्षभर, देव जाणे."

"आणि एखादं हललं आणि सुरुंगावर चढलं, तर?"

पायाखालचं जहाज जातं तेव्हा कसं वाटतं, ते अर्सेनी लुकिचना या माणसाकडून समजून घ्यायचं नव्हतं.

"तर मग भेट संपली," वादिम ग्लेबोविच म्हणाला. "करार संपला. कदाचित त्याहून वाईट. म्हणून वर असं ठरलंय, की एक निघावं. एकच. वॉशिंग्टनला कळेल की आम्हाला भांडण नको. तीन राहतील, म्हणजे हानोईला कळेल की आम्ही सोडून गेलो नाही. सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

"आणि तीन जहाजांतली माणसं?"

"ती काठी आहेत," तो म्हणाला, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. "माफ करा. झोप नाही हो. मलाही हे आवडत नाही."

माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याच्या जागी बसलेला कुणीही तेच बोलला असता.

"कुठलं निघावं ते तुम्ही सांगा," तो म्हणाला. "एकच अट. जे निघेल ते रिकामं हवं. रिकामं जहाज निघालं तर त्याला पळणं म्हणत नाहीत. काम झालं, घरी गेलं. भरलेलं निघालं तर मात्र मित्राच्या तोंडचा घास पळवल्यासारखं होईल."

तार-खोलीचं दार उघडं होतं. रिम्मा झाखारोव्हनांचा टकटकाट थांबला.

अर्सेनी लुकिचना उत्तर माहीत होतं. 'तिखाया' रिकामं होतं. 'तिखाया'वर तिघं जखमी होते आणि डॉक्टर नव्हता. शंभरांत शंभर वेळा 'तिखाया'च निघायला हवं होतं. रुनोवची तार हाताच्या अंतरावर फाइलीत होती, फक्त फाइल उघडायची होती. आणि क्सेनिया 'बेलोगोर्ये'वर होती. एकोणतीस वर्षांची. लहानपणी तिला पाण्याची भीती वाटायची, आंघोळीला घालायचं म्हणजे चाळ डोक्यावर घ्यायची. तिची आई जाताना म्हणाली होती, तिच्याकडे बघा. एवढंच म्हणाली होती.

त्यांनी फाइल उघडली नाही. खोटं एक अक्षरही बोलले नाहीत. नुसता हात उचलला आणि फळ्याकडे बोट दाखवलं.

वादिम ग्लेबोविचने चष्मा सावरून वाचलं. "'बेलोगोर्ये', शंभर टक्के, मुदतीपूर्वी. वा! आणि बाकीची सगळी अर्धवट. मग प्रश्नच मिटला की. तुमचंही हेच मत ना?"

"फळा समोर आहे," अर्सेनी लुकिच म्हणाले.

हुकूम दुपारी गेला. पोर्फिरी सावेलिच सही करण्यापुरते परत उगवले. रिम्मा झाखारोव्हनांनी तार ठोकली, कागद टोचणीला लावला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी बाई यंत्रावर बसते. मला काय कळतंय."

"रिम्मा झाखारोव्हना..."

"नका. मला एक भाचा आहे, तो तिथे असता तर मीही बहुतेक हेच केलं असतं. म्हणून गप्प बसतेय. बरोबर आहे म्हणून नाही."

अकरा तारखेला सकाळपासून दोघं यंत्रापाशी बसून होते. चहाचे पेले रिकामे होत होते. मॉस्कोच्या घड्याळात साडेअकरा वाजता पहिली तार आली: 'बेलोगोर्ये'ने दोर सोडले. साडेबाराला: वाटाड्याची बोट पुढे, वेग कमी. सव्वाला: बंदराचं तोंड ओलांडलं, खोल पाण्यात आहोत, सर्व ठीक.

अर्सेनी लुकिच खुर्चीतच मागे रेलले. छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या जागी जी लाज यायची ती त्या क्षणी तरी आली नाही. आधी आनंदच झाला, लख्ख आनंद. देवाधर्माचं सोडून चाळीस वर्षं झालेल्या माणसाने टेबलाखाली हळूच क्रूसाची खूण केली.

दोन वाजून गेले. तिकडे समुद्रात सुरुंग जागे झाले. पावणेतीनला झाबोलोत्नीची नेहमीची तार आली, जहाजावर किती माणसं आहेत ती. एकोणचाळीस असायला हवी होती, अडतीस होती. खाली एक ओळ: 'तिखाया'च्या जखमींवर उपचार करायला जहाजाच्या डॉक्टर नऊ तारखेलाच तिकडे गेल्या होत्या. निघण्याआधी तीनदा निरोप धाडला. त्यांनी परत यायला नकार दिला. जबाबदारी त्यांची स्वतःची, तसं लेखी घेतलं आहे.

रिम्मा झाखारोव्हनांनी ती तार त्यांच्या हातात दिली नाही. वाचून दाखवली. मग उठून त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवला. एरवी त्या कुणाला हात लावणाऱ्या बाई नव्हेत.

"लेखी घेतलंय म्हणे, मेल्याने," त्या म्हणाल्या. "पीठ मोजायला नाही सुचलं त्याला."

"तिच्या आईवर गेलीय," अर्सेनी लुकिच म्हणाले. "माझ्यावर नाही गेली, हे बरं झालं." आणि मग ते रडले, मोठ्याने, बागेतल्या म्हाताऱ्यांसारखे.

बावीस तारखेला पाहुणा आला. फुलझाडं छान फुलली होती. आठ दिवस मेजवान्या झडल्या, करारावर सह्या झाल्या, आणि जग म्हणालं, दोघंही शहाणे निघाले. ते खरंही असेल. बॉम्ब मोजायला बसले म्हणजे निदान टाकत तरी नव्हते. अर्सेनी लुकिचना असल्या गोष्टींचा राग येत नसे. त्यांना राग एकाच माणसाचा होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा.

जूनमध्ये वादिम ग्लेबोविच पुन्हा आला, या वेळी झोप झालेला. खात्याला प्रशस्तिपत्र आणलं होतं. अर्सेनी लुकिच त्याला बाजूला घेऊन गेले, फाइल उघडली आणि दोन्ही तारा त्याच्यासमोर ठेवल्या. रुनोवची आणि झाबोलोत्नीची. वर तारखा होत्या.

वादिम ग्लेबोविचने दोन्ही वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग नीट घडी करून अर्सेनी लुकिचच्या कोटाच्या खिशात घातल्या आणि खिसा वरून थोपटला.

"हे तुम्ही मला दाखवलेलं नाही," तो म्हणाला.

"दाखवतोय. 'तिखाया' रिकामं होतं. मी चुकीचं जहाज निघू दिलं. चूक कसली, मुद्दाम केलं. माझी मुलगी होती त्या जहाजावर."

"अर्सेनी लुकिच, ऐका. अमेरिकनांनी काय बघितलं? रिकामं जहाज गेलं. हानोईने काय बघितलं? तीन जहाजं थांबली. सगळ्यांचं समाधान आहे. आता तुम्ही म्हणणार, की रिकामं राहिलं आणि भरलेलं गेलं? कुणाला हवंय ते?"

"जी एकशेवीस माणसं तिथे अडकलीत, त्यांना."

"त्यांना ते कळून सुरुंग निघणार आहेत का?" तो हळू आवाजात म्हणाला. प्रशस्तिपत्र भिंतीवर लागलं, बरोबर फळ्याशेजारी.

ऑगस्टमध्ये वकिलातीच्या टपालातून क्सेनियाचं पत्र आलं. अक्षर घाईचं, डॉक्टरांचं असतं तसं. तब्येत ठीक आहे. तिघंही जखमी हिंडूफिरू लागले. गरमीने अंगावर पुरळ उठलंय. कप्तान रुनोव सगळ्यांना रोज सकाळी डेक घासायला लावतात, डोकं फिरू नये म्हणून. आणि मग:

'एक गोष्ट मनातून जात नाही, बाबा. बेलोगोर्ये निघालं तेव्हा धक्क्यावर बायका रिकामी पोती घेऊन उभ्या होत्या. त्यांना सांगितलं होतं, उरलेलं पीठ आज उतरेल. झाबोलोत्नी त्यांना म्हणाले, पीठ तर आठ तारखेलाच पूर्ण उतरलंय, कागदावर आहे. त्या बायका कागद म्हणजे काय ते समजून न घेता जहाज दिसेनासं होईपर्यंत उभ्या होत्या. आम्ही इकडे रिकामे, आमच्याकडे द्यायला काही नाही. भरलेलं जहाज कुणी काढलं, हे इथे कुणी सांगत नाही. तुम्ही तिथेच बसता. माहीत असेल तर लिहा.'

अर्सेनी लुकिचनी आयुष्यभर कचेरीची पत्रं लिहिली होती. 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' लिहिताना त्यांचा हात कधी अडखळला नाही. या पत्राला चार दिवस लागले आणि झालं ते पाच ओळींचं. बेलोगोर्ये मी काढलं. तू त्यावर आहेस असं समजून काढलं. आत पीठ आहे हे मला माहीत होतं. तिखाया रिकामं आहे हेही माहीत होतं. दुसऱ्या कुणाचा यात दोष नाही.

रिम्मा झाखारोव्हनांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "हे टपाल उघडून वाचतात, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग तोंडाने सांगा की, ती आल्यावर."

"तोंडाने सांगायचं म्हटलं तर मी पुन्हा बोट दाखवेन," ते म्हणाले. "टाका पेटीत."

पत्र वाचलं गेलं असणारच. कारण सप्टेंबरात त्यांना मुदतीच्या आधी, प्रकृतीच्या कारणावरून, निवृत्त करण्यात आलं. प्रकृती ठणठणीत होती. निरोपाला पोर्फिरी सावेलिचनी भाषण केलं आणि पिशवीभर बटाटे दिले, यंदा पीक बरं आलं होतं.

उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. रिम्मा झाखारोव्हना ते घेऊन त्यांच्या घरी आल्या, तीन मजले चढून, धापा टाकत. पाकीट फोडायचा त्यांना धीर होईना. शेवटी अर्सेनी लुकिचनी स्वतःच फोडलं आणि खिडकीपाशी नेऊन वाचलं.

'बाबा, पत्र मिळालं. दोन दिवस कुणाशी बोलले नाही. मग कप्तान रुनोवना वाचून दाखवलं, कारण माझ्यापेक्षा त्यांचा हक्क जास्त आहे. ते म्हणाले, बाप आहे, चालायचंच, आणि डेक घासून घ्यायला निघून गेले. संध्याकाळी जेवले मात्र नाहीत. मी 'चालायचंच' म्हणणार नाही, बाबा. ते मला म्हणता येत नाही, आणि खोटं म्हणणार नाही. त्या बायका अजून धक्क्यावर दिसतात. पण तुम्ही लिहिलंत. सुरुंग काढतील तेव्हा काढतील. मी आले की आपण दोघं समोरासमोर बसू आणि मी तुमच्याशी खूप भांडणार आहे. तोवर तब्येत सांभाळा.'

रिम्मा झाखारोव्हना काही विचारणार होत्या, पण त्यांनी चेहरा बघितला आणि नाही विचारलं. अर्सेनी लुकिच पत्रातली शेवटची दोन वाक्यं बोट ठेवून पुन्हापुन्हा वाचत होते.

"भांडणार आहे म्हणते," ते म्हणाले. "माझ्याशी. घरी येऊन."